नोंदीतले आणि नोंदीबाहेरचे : एचआयव्हीबाधितांच्या संख्येचे अनुमान

पुणे जिल्ह्यातल्या वेल्ह्याचा एखादा तरुण कामधंद्यासाठी पुण्यात किंवा मुंबईत राहतो, तेथेच एचआयव्हीची चाचणी करून घेतो आणि तेथल्याच केंद्राच्या नोंदवहीत चढतो. गावातल्या ज्या बाधिताची चाचणीच झालेली नाही, तो कोठेच चढत नाही. त्यामुळे भोर आणि वेल्हे तालुक्यांतील बाधितांची खरी संख्या स्थानिक नोंदींच्या बेरजेतून कळत नाही. बेरजेतून कळते ती निदान झालेल्यांची संख्या. एकूण बाधितांची संख्या अनुमानानेच काढावी लागते.

अनुमानाची एक जुनी रीत म्हणजे पश्चगणना. रॉन ब्रूकमायर आणि मिचेल गेल या संख्याशास्त्रज्ञांनी ती १९८६ च्या सुमारास मांडली. उपचार नसल्यास संसर्गापासून एड्सच्या अवस्थेपर्यंत साधारण दहा वर्षे जातात. म्हणून आज नोंदल्या गेलेल्या एड्सरुग्णांवरून मागील प्रत्येक वर्षी किती जणांना संसर्ग झाला असावा, हे गणिताने ताडता येते. मात्र त्यासाठी रुग्णनोंद जवळजवळ पूर्ण हवी, आणि भारतात ती तशी नव्हती. शिवाय २००४ पासून सरकारी केंद्रांत एआरटीची, म्हणजे विषाणूला रोखणाऱ्या उपचाराची, औषधे मोफत मिळू लागली आणि त्यांनी हा कालावधीच लांबवला. आता निदानाच्या वेळी रक्तातील सीडी-४ पेशी किती उरल्या आहेत, यावरूनही संसर्गाचा काळ ताडतात.

भारताने भर दिला तो प्रहरी सर्वेक्षणावर, म्हणजेच सेंटिनल सर्व्हेलन्सवर. १९९८ पासून ते देशभर नियमित सुरू झाले. गरोदर स्त्रियांच्या सिफिलिसच्या तपासणीसाठी काढलेल्या रक्तातील उरलेला अंश, नाव पुसून, वयासारख्या मोजक्या माहितीसह तपासला जाई. प्रत्येक प्रसूतिपूर्व तपासणी केंद्रातून ४०० नमुने घेत. पश्चिम भारतातील या कामात पुण्याच्या भोसरीतील राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेचा मोठा वाटा राहिला.

केवळ दवाखान्यांतील नमुन्यांवर विसंबल्याने अंदाज फुगतो, हे २००७ मध्ये स्पष्ट झाले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या तिसऱ्या फेरीत (२००५-०६) घरोघरच्या एक लाखाहून अधिक व्यक्तींचे रक्त तपासले गेले. त्या आधारे, आणि वाढलेल्या प्रहरी केंद्रांच्या माहितीवरून, देशाचा अंदाज ५० लाखांच्या पुढून सुमारे २५ लाखांवर आला. रोग निम्मा झाला नव्हता, मोजणी सुधारली होती.

२०२१ च्या अंदाजानुसार देशात सुमारे २४ लाख बाधित होते आणि राज्यांत महाराष्ट्राचा आकडा सर्वाधिक, ३.९ लाखांच्या आसपास होता. प्रौढांतील राष्ट्रीय प्रमाण ०.२१ टक्के होते. एवढ्या प्रमाणात ४०० नमुन्यांमागे सरासरी एकही बाधित येत नाही. २०११ च्या जनगणनेत वेल्हे तालुक्याची लोकसंख्या जेमतेम ५४ हजार होती. तिला या टक्केवारीने गुणले तर एक संख्या हाती येते खरी, पण ती वेल्ह्याची नव्हे. तालुक्याच्या आरोग्य यंत्रणेला अधिक उपयोगी ठरते ती वेगळी माहिती : किती गरोदर स्त्रियांची चाचणी झाली, आणि पुण्यात एआरटी घेणाऱ्यांपैकी किती जणांचा मूळ पत्ता येथला आहे.