विकायचं घड्याळ आधी दुरुस्त करावं का?

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या किनारपट्टीवर कपाटातून निघणारी जुनी मनगटी घड्याळं बहुधा दोन प्रकारची असतात. एक एचएमटीची जनता, पायलट, कांचन. दुसरी आखातात नोकरीला गेलेल्या माणसांनी आणलेली सेइको फाइव्ह किंवा सिटिझन. बंद पडलेलं असं घड्याळ विकायचं ठरलं की घरातून सल्ला येतो, 'आधी दुरुस्त करून घे, मग दाखव, चांगला भाव मिळेल.' साध्या घड्याळांच्या बाबतीत हा सल्ला बहुतेकदा तोट्याचा ठरतो. समजा, बंद घड्याळाला हजार रुपये मिळतात, चालत्याला सतराशे, आणि सर्व्हिसिंगला आठशे लागतात. म्हणजे इतकी धावपळ करून शंभर रुपये पदरचे गेले. शिवाय घेणारा बरेचदा स्वतः कारागीर किंवा संग्राहक असतो. सुटे भाग त्याच्याकडे पडलेले असतात, तेच काम त्याला स्वस्तात पडतं, आणि आपण कुणाकडून करून घेतलेलं काम तो तपासण्यासाठी पुन्हा उघडतोच.

त्याहून महागात पडतो तो चकाकीचा मोह. एचएमटीने 1961 मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळूरला घड्याळं बनवायला सुरुवात केली, आणि 2016 मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करण्याला मंजुरी दिली. जुन्या मॉडेलची मूळ तबकडी आता जुन्या साठ्यातून किंवा दुसऱ्या घड्याळातूनच काढावी लागते. म्हणून डाग पडलेली, पिवळटलेली पण मूळची तबकडी जाणकाराला हवी असते. तीच नव्याने रंगवली, की घड्याळ 'मुंबई स्पेशल'च्या पंगतीत जातं. संग्राहक रंगकाम केलेल्या, इकडचेतिकडचे भाग जोडलेल्या घड्याळांना हेच नाव देतात. केसला पॉलिश मारलं तर कडा गोल होतात, मुलामा झिजतो, आणि गेलेला धातू परत येत नाही.

मग काहीच करू नये का? तसं नाही. आधी घड्याळ खरंच बिघडलंय का ते पाहावं. जुन्या सेइको फाइव्हपैकी बहुतेकांना चावी देता येत नाही. ती हाताच्या हालचालीनेच भरतात. वर्षानुवर्षं कपाटात राहिलेलं घड्याळ थोडं हलवून पाहायच्या आधीच 'मेलं' ठरवलं जातं. सेलवरच्या घड्याळात नवा सेल घालून पाहावा. चाललं नाही तर तो लगेच काढावा, कारण संपलेला सेल गळला की आतला सर्किटचा भाग खातो.

आपल्या किनाऱ्यावर मात्र एक दुरुस्ती थांबवून चालत नाही. खारं पाणी आत गेलेलं घड्याळ तांदळाच्या डब्यात ठेवलं की वाचतं, ही समजूत घातक आहे. पाणी सुकतं, मीठ आतच राहतं, आणि इथल्या दमट हवेतली ओल ते पुन्हा ओढून घेतं. चावीची दांडी बाहेर काढून भिंगाखाली धरली तर तिच्या आट्यांत तांबूस गंज आधी दिसतो, कारण पाण्याची वाट बहुधा तिथूनच असते. गंज बॅलन्सच्या केसाएवढ्या बारीक स्प्रिंगपर्यंत पोचला की घड्याळ सुट्या भागांच्या भावाने जातं. असं घड्याळ त्याच दिवशी उघडून साफ करून घ्यावं, मग ते विकायचं असो वा नसो.

दुरुस्त न करता विकण्यावर रास्त आक्षेप असा, की बंद घड्याळ पाहिलं की गिऱ्हाईक भाव पाडतं. पाडतं खरं. पण दोष नेमका ठाऊक असेल तर घासाघीस त्या दोषाच्या खर्चापुरतीच राहते. ठाऊक नसेल तर गिऱ्हाईक सगळ्यात वाईट शक्यता धरून भाव बोलतं. म्हणून कारागिराकडून फक्त तपासणी करून घ्यावी. मागचं झाकण उघडलेलं असताना मशीनचा स्पष्ट फोटो काढावा, आणि काय चालतं, काय नाही, कोणता भाग बदललेला आहे हे सरळ सांगावं. महागड्या स्विस घड्याळाचा हिशेब वेगळा. तिथे अधिकृत सर्व्हिसिंगची पावती खरोखर भाव वाढवू शकते; पण तिथेही आधी दोन-तीन व्यापाऱ्यांकडून बंद आणि चालू अशा दोन्ही अवस्थांचा भाव विचारावा, आणि त्या फरकात सर्व्हिसिंगचा खर्च सुटत असेल तरच घड्याळ कारागिराच्या हाती द्यावं.