चाललेल्या नमुन्याचा दुसरा लॉट

एखादा नमुना बाजारात चालला की कापडवाल्यापुढे प्रश्न उभा राहतो: पुढचा लॉट तसाच काढायचा की काही नवे करायचे? आम्ही एकदा खपलेली किनार तीन मोसम तशीच चालविली. तिसऱ्या मोसमाचा माल गोदामात पडून राहिला. म्हणूनच जपानी व्हिडिओ गेमची ही हकिकत आम्ही व्यापारी बांधवांपुढे ठेवीत आहोत.

क्योतो शहरात १८८९ साली पत्ते बनवून धंदा सुरू करणाऱ्या निन्टेंडो कंपनीने १९८६ मध्ये 'द लेजंड ऑफ झेल्डा' हा गेम काढला. गच्चीवरून अंगण पाहावे तसा त्यातला मुलूख वरून दिसे. त्याच्या सुमारे ६५ लाख प्रती खपल्या.

तोच नमुना पुन्हा छापणे सोपे होते. पण जानेवारी १९८७ मध्ये जपानात आलेला दुसरा भाग, 'झेल्डा दोन: दि अ‍ॅडव्हेंचर ऑफ लिंक', अगदी निराळा निघाला. नकाशा वरूनच दिसे. पण लढाई बाजूने, नाटकाच्या रंगमंचासारखी. वार वरून आला तर उभे राहून ढाल धरायची, खालून आला तर बसून. हातांची चपळाई हा त्याचा एक भाग.

दुसरा भाग हिशेबाचा. शत्रू मारले की अनुभवाचे गुण जमतात. ते प्रहार, जादू किंवा प्राणशक्ती यांपैकी एकात घालायचे. प्रत्येकाच्या पायऱ्या आठ. अमेरिकेत १९८८ साली निघालेल्या आवृत्तीत स्वस्त पायरी सोडून महागडीसाठी थांबताही येते. मात्र सारे प्राण गमावून खेळ संपला की जमलेले गुण बुडतात. नफा लगेच मालात घालावा की मोठ्या खरेदीसाठी राखावा, हा आपल्या गल्ल्यावरचाच पेच!

खप झाला सुमारे ४४ लाख प्रतींचा; म्हणजे पहिल्यापेक्षा सुमारे एकतृतीयांश कमी. गेम फार कठीण, ही तक्रार आजही ऐकू येते. निर्माते शिगेरू मियामोतो यांनीही या गेममध्ये आणखी बरेच करता आले असते, असे पुढे कबूल केले.

मग कंपनीने काय केले? १९९१ च्या तिसऱ्या भागात वरून दिसणारा जुना देखावा परत आणला, अनुभवाचे गुण काढून टाकले. पण जादूच्या शक्तीची पट्टी आणि माणसांनी गजबजलेली वस्ती ठेवून दिली. दुसऱ्या भागाच्या शेवटी नायक स्वतःच्याच सावलीशी लढतो. ती सावली १९९८ च्या गेममध्ये पुन्हा आली.

यावरून आम्हाला एवढेच सांगायचे आहे. नवा नमुना कमी खपला म्हणून कारागिराला दोष देऊन सारा साचा मोडू नये. गिऱ्हाइकाने काय उचलले आणि काय ठेवून दिले, हे वहीत वेगवेगळे लिहावे. त्याच वहीतून तिसरा लॉट निघतो. आमच्या त्या किनारीच्या वेळी आम्ही अशी वही ठेवली नव्हती.