हरित इमारतींचा ऊर्जा-हिशेब आणि संगणकाचे इशारे

इमारत उभी राहण्यापूर्वीच तिला वर्षभरात किती वीज लागेल, याचा अंदाज आज संगणकावर बांधला जातो. भिंती, छप्पर, खिडक्या, दिवे व वातानुकूलन यांचा तपशील आणि स्थानिक हवामानाची माहिती पुरविली, की वर्षाच्या ८,७६० तासांचा हिशेब तयार होतो. हरित मानांकनासाठी हाच हिशेब पुरावा म्हणून सादर केला जातो.

अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने २००१ मध्ये प्रसृत केलेली ‘एनर्जीप्लस’ ही आज्ञावली या कामी सर्वत्र वापरात आहे. हिशेबासोबत ती चुकांची यादीही देते. तीत साधा इशारा, गंभीर चूक आणि घातक चूक अशा तीन पायऱ्या असतात. घातक चुकीने काम तेथेच थांबते. ती लपत नाही. खरी अडचण इशाऱ्यांची आहे. इशारा देऊनही यंत्र पुढे चालत राहते व अखेरीस नीटनेटका आकडा हाती ठेवते.

समजा, सोलापूरच्या एखाद्या कार्यालयाच्या आराखड्यास नजरचुकीने पुण्याच्या हवामानाची फाइल जोडली गेली. तफावत आज्ञावलीच्या ध्यानी येते. परंतु ‘फाइलीतील ठिकाण धरले आहे’ एवढे कळवून ती पुढे जाते. सोलापूरचा उन्हाळा हिशेबात येतच नाही!

काही इशारे मात्र निरुपद्रवी असतात. तयार नमुन्यातून आलेले एखादे वेळापत्रक कोठेच वापरले गेले नाही, ही सूचना बहुधा सोडून देता येते. बहुधा म्हणण्याचे कारण असे, की तेच वेळापत्रक सभागृहाच्या दिव्यांसाठी मुद्दाम लिहिलेले असेल, तर ते जोडावयाचे राहून गेले असा त्याचा अर्थ होतो. म्हणून इशारे नुसते मोजून भागत नाही, ते वाचावे लागतात. वाचन यादीच्या आरंभापासून करावे. पहिली चूक दुरुस्त होताच तिच्यातून उद्भवलेले पुढील इशारे पुष्कळदा आपोआप नाहीसे होतात.

वातानुकूलन अपुरे धरले, तर वीज कमी दिसते, पण खोल्या तापतात. यासाठीच ‘ॲश्रे ९०.१’ या मानकाच्या परिशिष्टात, तापमान राखता न आलेले तास वर्षाला ३०० हून अधिक नसावेत, असे बंधन आहे.

सार्वजनिक इमारतीचा असा अहवाल स्वीकारताना इशाऱ्यांची यादी आणि शिल्लक ठेवलेल्या प्रत्येक इशाऱ्याचे लेखी कारण संबंधितांनी मागून घ्यावे. हवामानाची फाइल कोणत्या गावची आहे, हे पाहण्यास अभियंत्याची गरज नाही.