गाव निम्मं, शाळा काउंटीची

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात विचिटा शहरातून पश्चिमेकडे निघालेला ५४ क्रमांकाचा महामार्ग साधारण दोन तासांनी ग्रीन्सबर्गमधून जातो. दुतर्फा गव्हाची शेतं, गुरांची कुरणं आणि मोजता येतील इतकी झाडं. २०२० च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या भरली ७४०. आपल्याकडे एवढ्या वस्तीला बहुधा शेजारच्या वाड्यांसह गट-ग्रामपंचायत मिळाली असती. इथे मात्र हे कायोवा काउंटीचं मुख्य ठिकाण आहे. काउंटीचा पसारा सुमारे १,८७० चौरस किलोमीटरचा आणि माणसं जेमतेम अडीच हजार.

पूर्वी प्रवासी इथे थांबत ते विहीर बघायला. १८८७-८८ मध्ये कुदळ-फावड्याने खणलेली ही विहीर १०९ फूट खोल आणि ३२ फूट रुंद आहे. हाताने खणलेली जगातली सर्वांत मोठी विहीर, असा गावकऱ्यांचा दावा. बारवा आणि पायविहिरी पाहिलेल्या मराठी माणसाला या दाव्यावर थोडं हसू येईल, पण सपाट माळावर खाली वाकून बघताना ती खोली अंगावर येते हे खरं. शेजारच्या संग्रहालयात परिसरात सापडलेली एक भलीमोठी उल्काही आहे.

४ मे २००७ च्या रात्री पावणेदहाच्या सुमारास टोर्नेडो आला. त्याची रुंदी सुमारे पावणेतीन किलोमीटर होती, म्हणजे गावापेक्षाही जास्त. भोंगे आधीच वाजले होते आणि बहुतेक लोक तळघरांत उतरले होते. म्हणून मृतांचा आकडा दहा-बाराच्या आसपास राहिला, पण गावातल्या ९५ टक्के इमारती गेल्या. शाळाही गेली.

त्यानंतर झालेल्या निर्णयामुळे ग्रीन्सबर्ग केवळ आपत्तीचं गाव म्हणून ओळखलं जात नाही. शाळा-जिल्ह्याचे अधीक्षक डॅरिन हेडरिक यांनी शाळा नेहमीप्रमाणे ऑगस्टमध्येच सुरू होईल, असं जाहीर केलं. तेव्हा गावात राहायला घरं नव्हती, दुकानं नव्हती. पण ज्या घरांत मुलं आहेत त्यांना शाळा दुसरीकडे शोधावी लागली, की ती कुटुंबं तिकडचीच होतात. हे गणित हेडरिक यांना कळलं होतं. ऑगस्टमध्ये ट्रेलरांमध्ये वर्ग भरले. बरोबर वर्षाने, ४ मे २००८ रोजी, अठरा विद्यार्थ्यांच्या पदवीदान समारंभात तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश भाषण करायला आले.

नवी इमारत २०१० मध्ये मेन स्ट्रीटवर उभी राहिली. बालवर्गापासून बारावीपर्यंतचे सगळे वर्ग एकाच छपराखाली आहेत. जमिनीच्या पोटातल्या स्थिर तापमानाचा उपयोग करून वर्ग गार आणि उबदार ठेवले जातात, पावसाचं पाणी साठवलं जातं, दिवसा बहुतेक काम खिडक्यांच्या उजेडात चालतं. कतरीना वादळात पडलेल्या झाडांचं लाकूडही इथे वापरलं आहे. पर्यावरणस्नेही बांधकामासाठीचं सर्वोच्च ‘लीड प्लॅटिनम’ मानांकन या शाळेला मिळालं. नगर परिषदेनं आपल्या सगळ्या मोठ्या इमारतींसाठी हाच दर्जा ठरवून टाकला होता. असा ठराव करणारं हे अमेरिकेतलं पहिलं गाव.

शाळेच्या इमारतीचं कौतुक पुष्कळ झालं. त्यामानाने २०११ मधल्या एका घटनेची फारशी बातमी झाली नाही. पश्चिमेला दहा मैलांवरच्या मलिनव्हिलचा शाळा-जिल्हा ग्रीन्सबर्गच्या जिल्ह्यात विलीन झाला. अमेरिकेतला शाळा-जिल्हा आपल्या जिल्हा परिषदेसारखा नसतो. त्याचं स्वतंत्र निवडलेलं मंडळ असतं आणि ते स्वतःचा कर लावतं. म्हणजे तो गेला की गावाच्या हातातली एक सत्ता जाते. कॅन्ससमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस असे नऊ हजारांवर जिल्हे होते, बहुतेक एकाच खोलीच्या शाळेचे. १९६३ च्या एकत्रीकरण कायद्यानंतर ते तीनशेच्या घरात आले. तरीही उरलेल्यांना एकत्र आणताना आजही भांडणं होतात, आणि ती पैशांपेक्षा नावावरून, खेळाच्या संघावरून, शाळांच्या शुक्रवारच्या सामन्यांवरून जास्त होतात. शेवटी ‘ग्रीन्सबर्ग रेंजर्स’ हे नाव गेलं आणि संघ ‘कायोवा काउंटी मॅव्हरिक्स’ झाला. मोठ्या गावानेही आपलं नाव सोडलं. माझ्या मते विलीनीकरण टिकलं त्यात याचा वाटा मोठा असावा. शिवाय जुनी इमारत कुणाचीच उरली नव्हती, त्यामुळे ‘तुमच्या शाळेत आम्ही का यायचं’ या प्रश्नाची धार बोथट झाली असणार.



यशकथा म्हणावी, तर एक आकडा आडवा येतो. २००० साली ग्रीन्सबर्गची लोकसंख्या १,५७४ होती, ती २०१० मध्ये ७७७ वर आली आणि पुढच्या दहा वर्षांत आणखी थोडी घटली. पवनचक्क्या आल्या, टीव्हीवर मालिका आली, पर्यटक आले. गावातली निम्मी माणसं परतली नाहीत. शाळेनं गाव वाढवलं नाही, जेवढं उरलं तेवढं धरून ठेवलं.

शाळा एकत्र करण्याचा प्रश्न आपल्याकडेही आहे. महाराष्ट्रात २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ काढण्याचा विचार पुढे आला, तेव्हा नमुना म्हणून पानशेत आणि तोरणमाळ इथल्या समूह शाळांची नावं चर्चेत होती. वाड्या-वस्त्यांतून विरोध झाला तो मुख्यतः अंतराच्या भीतीने: वाटेतला ओढा, पावसाळा, मुलींची पायपीट. कॅन्ससच्या माळावर ओढे फारसे नाहीत, पण अंतरं आपल्यापेक्षा मोठी आहेत. तिथे शाळेच्या गावाबाहेर, शाळेपासून अडीच मैलांपलीकडे राहणाऱ्या मुलाची ने-आण करणं शाळा-जिल्ह्याला कायद्याने बंधनकारक आहे. मलिनव्हिलच्या पालकांना आपला शाळा-जिल्हा सोडावा लागला, पण बसची काळजी करावी लागली नाही.