प्रकाशाची मोजपट्टी

गोदाकांठच्या पालम परिसरांतील एका शेतांत, पिकास पाणी देण्याच्या ऐन दिवसांत, डिझेल इंजिन बंद पडलें आहे अशी कल्पना करा. मालक दुकानांतून नवें नॉझल, म्हणजे इंधन फवारणारी तोटी, आणतो. तें घडविणारा कारागीर कोण, हें त्यास ठाऊक नसतें. तरीहि तो भाग नेमका बसलाच पाहिजे. न बसला तर इंधन झिरपेल व उभें पीक वाळेल. हा भरंवसा कोठून येतो?

पुण्यास १९४६ सालीं किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. अशा इंजिनांचे भाग हजारोंनीं तयार होतात. प्रत्येक भाग इंजिनाला लावून पाहणें शक्य नसतें. येथें परीक्षकाच्या मदतीस प्रकाश येतो.

पहिलें साधन छायाप्रक्षेपक. १९२० च्या सुमारास अमेरिकेंत जेम्स हार्टनेस व रसेल पोर्टर यांनीं स्क्रूचे आटे तपासण्यासाठीं तें पुढें आणलें. दिव्याच्या समांतर किरणांत भाग धरला, कीं त्याची सांवली भिंगांतून कांचेच्या पडद्यावर, समजा, पन्नास पट मोठी पडते. त्याच प्रमाणांत काढलेल्या आकृतीशीं ती ताडून पाहावयाची. मिलिमीटरच्या शतांशाची चूक तेथें अर्धा मिलिमीटर दिसते. आज पुष्कळ ठिकाणीं हें ताडण्याचें काम कॅमेरा व संगणक करतात.

नॉझलचा माथा मात्र आरशासारखा सपाट लागतो. कारण तेथें धातूवर धातू बसतो, मध्यें चकती नसते. त्यावर अत्यंत सपाट कांच ठेवून सोडियमच्या पिवळ्या दिव्याखालीं पाहिलें, तर काळे पट्टे दिसतात. पट्टे सरळ व समांतर असले, तर माथा सपाट. वांकले, तर दोष. एका पट्ट्यापासून दुसऱ्यापर्यंत कांच व धातू यांमधील अंतर प्रकाशलहरीच्या निम्म्यानें, म्हणजे मिलिमीटरच्या सुमारें तीन दशसहस्रांशांनीं, बदलतें.

परंतु प्रकाशहि उष्णतेपुढें सावध असावा लागतो. मोजमापाचें प्रमाण तपमान २० अंश सेल्सिअस आहे. परभणीच्या ४० अंशांच्या उन्हाळ्यांत १०० मिलिमीटरची पोलादी कांब सुमारें दोन शतांश मिलिमीटर वाढते. म्हणून मापनाची खोली थंड ठेवतात, आणि भागहि तेथें कांहीं वेळ निवूं देतात.

पालमच्या शेतांत इंजिन पुन्हां धडधडूं लागतें, तेव्हां त्यामागें कारागिराच्या हाताइतकाच परीक्षकाचा हा धीरहि असतो.