लॅपटॉप सुरू होत नाही, मग आधी काय बघायचं?

आज मी आमच्या गटाच्या लॅपटॉपची गोष्ट सांगणार आहे. तुमच्याही गटात असेल एखादा, कापडात गुंडाळून कपाटात ठेवलेला. आमच्या लॅपटॉपमध्ये बारा जणींच्या बचतीचा आणि कर्जाचा सगळा हिशोब आहे.

मागच्या पावसाळ्यात एका सकाळी तो सुरूच होईना. दोन दिवसांनी बँकेत कर्जाचे कागद द्यायचे होते. मी एसटीनं तालुक्याला गेले. दुकानदारानं बटण दोनदा दाबून बघितलं आणि म्हणाला, "ताई, मदरबोर्ड गेलाय. सात हजार लागतील." आमची दर महिन्याची बचत प्रत्येकी तीनशे रुपये. म्हणजे बारा जणींचे दोन महिने गेले की! मी म्हटलं, "विचारून सांगते," आणि लॅपटॉप घेऊन परत आले.

शेजारची पोरगी आयटीआयला शिकते. तिनं स्वतःचा चार्जर लावला आणि लॅपटॉप सुरू झाला. बिघाड आमच्या चार्जरच्या वायरीत होता. वापर झाला की आम्ही ती वायर ठोकळ्याभोवती घट्ट गुंडाळायचो. रोज त्याच जागी मुडपून ती आतून तुटली होती, वरून काहीच दिसत नव्हतं. नवा चार्जर हजाराच्या आत आला.

म्हणून सांगते, दुकानात जाण्याआधी वीज लॅपटॉपपर्यंत पोचते का ते बघा. त्याच सॉकेटला मोबाइल लावून बघा. बोर्डापासून ठोकळ्यापर्यंत येणारी वायर ठोकळ्यात सैल बसली असेल तर घट्ट दाबा. दुसऱ्या कुणाचा चार्जर लावायचा असेल तर त्याच्यावरचं बारीक छापलेलं वाचा. आउटपुटपुढे 19 व्होल्ट, 3.42 अँपिअर असं काहीतरी असतं. व्होल्ट आपल्या चार्जरइतकेच हवेत. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, कमी नकोत. पिनही नीट बसली पाहिजे, जबरदस्तीनं घुसवू नका.

तरीही सुरू झाला नाही, तर चार्जर काढा. बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर तीही काढा. मग सुरू करायचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा. आत साचून राहिलेली वीज त्यानं निघून जाते. आता नुसता चार्जर लावून बघा. ऐकायला खोटं वाटतं, पण कितीतरी 'मेलेले' लॅपटॉप एवढ्यानं उठतात.

कधी दिवा लागतो, पंख्याचा आवाज येतो, पण पडदा काळाच. अंधारात पडद्यावर तिरका टॉर्च मारा. पुसट अक्षरं दिसली तर बिघाड पडद्यामागच्या उजेडाचा आहे, हिशोब जागेवर आहे. लॅपटॉप मध्येच तापून बंद पडत असेल, तर हवेच्या जाळीत धूळ किंवा पीठ अडकलंय का बघा. गोधडीवर ठेवून काम करू नका, जाळी झाकली जाते. खाली पाट घ्या.

आता जरा कान देऊन ऐका. लॅपटॉप सपाट टेबलावर डुगडुगतो, बोट फिरवायची पट्टी वर उचलल्यासारखी दिसते, झाकण नीट बसत नाही, तर आत बॅटरी फुगली आहे. हे वाट बघण्यासारखं दुखणं नाही. फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते. लगेच बंद करा, चार्जर काढा, पुन्हा चार्जिंगला लावू नका. वरून दाबू नका, टोचू नका. अंथरूण, चूल आणि मुलं यांच्यापासून लांब, फरशीवर ठेवा आणि दुकानात न्या. इथे खर्चाचा विचार करायचा नाही. काढलेली बॅटरी उकिरड्यावर टाकू नका, दुकानातच घ्यायला सांगा.

लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात, अशीही तक्रार असते. बहुतेक वेळा घराला अर्थिंग नसतं, नाहीतर कुणीतरी प्लगची मोठी पिन मोडून तो दोन पिनांच्या सॉकेटात बसवलेला असतो. त्यासाठी लॅपटॉपवाला नको, वायरमनला बोलवा.

आतून टक टक असा आवाज यायला लागला तर मात्र सगळं काम थांबवा आणि आधी हिशोब पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. जुन्या लॅपटॉपमध्ये आत फिरणारी डिस्क असते आणि तो तिचा आवाज असतो. ती गेली की दुकानदार नवी बसवून देईल, पण जुना हिशोब परत मिळेलच असं नाही.

दुरुस्तीला टाकताना पावतीवर लॅपटॉपच्या पाठीवरचा नंबर लिहून घ्या. "आम्हाला विचारल्याशिवाय फॉरमॅट मारायचा नाही" हेही लिहून घ्या आणि बदललेला जुना भाग परत मागा. पहिल्यांदा मलाही संकोच वाटला होता. पण पैसे बारा जणींचे आहेत, विचारायला नको?

आमच्याकडे आता दर बैठकीनंतर हिशोब पेनड्राइव्हवर उतरतो. लॅपटॉप माझ्या घरी असतो आणि पेनड्राइव्ह अध्यक्षताईंच्या घरी.