वेल्डरचे डोळे आणि सोमवारचा ताप

रस्त्याकडेच्या दुकानात लोखंडी फाटकाचे गज जोडणारा वेल्डर तुम्ही पाहिला असेल. त्या निळसर लखलखाटाकडे बघू नकोस, असे घरच्यांनी बजावलेही असेल. पण समजा, जवळ उभे राहून तुम्ही पाच मिनिटे पाहिलेत, तर काय होईल? त्या वेळी फारसे काहीच नाही! डोळ्यांपुढे थोडा वेळ काळा ठिपका तरंगेल, इतकेच. मात्र रात्री जाग येईल ती डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपून. पाणी वाहील, दिव्याचा उजेडही सोसणार नाही.

असे उशिरा का होते? कांडी आणि लोखंड यांच्यामध्ये विजेची जी प्रज्योत पेटते, तिचे तापमान ५,००० अंश सेल्सियसच्याही वर असते. तिच्यातून डोळ्यांना न दिसणारे जंबुपार, म्हणजेच अतिनील, किरण बाहेर पडतात. ते बुबुळावरच्या पारदर्शक पटलात शोषले जातात. तेथील वरच्या थरातल्या पेशी मरतात, पण त्या गळून पडायला काही तास लागतात. त्या गळल्या की खालचे मज्जातंतू उघडे पडतात आणि मग ठणका सुरू होतो. एक-दोन दिवसांत नव्या पेशी येऊन हा त्रास थांबतो. प्रखर दृश्य प्रकाश मात्र थेट आतल्या दृष्टिपटलापर्यंत पोचतो, आणि तेथे झालेली इजा अशी सहज भरून येत नाही. साधा काळा चष्मा यासाठी अपुरा. शिवाय तो बाजूंनी उघडाच. वेल्डरच्या मुखवट्याला खास गडद काच असते ती म्हणूनच.

काच प्रकाश अडवते, धूर नाही. जस्ताचा मुलामा दिलेला नळ जोडताना पाहा, पांढरा धूर निघतो. जस्त ९०७ अंशांना उकळते, त्याची वाफ हवेत जळून जस्ताच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण बनतात. ते फुप्फुसांत गेले की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो, तोंडाला धातूची चव येते. गंमत अशी, की रोज हा धूर घेणाऱ्याच्या शरीराला त्याची थोडी सवय होते. रविवारच्या सुटीत ती मोडते आणि सोमवारी पुन्हा ताप! दूध प्यायल्याने तो टळतो असा समज कामगारांत आहे. पण दूध जाते पोटात, धूर जातो फुप्फुसांत.

हा ताप उतरतो. वर्षानुवर्षे घेतलेल्या धुराचे तसे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगच्या धुराची गणना माणसांत निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींत केली.

पुढच्या वेळी दुरूनच, लखलखाट थांबल्यावर, वेल्डर कसा बसतो ते बघा. धूर सरळ वर चढतो आणि त्याचे डोके नेमके जोडावर वाकलेले असते. डोके थोडे बाजूला ठेवले, वारा एका अंगाने येऊ दिला, तरी फरक पडतो. बंदिस्त जागेत मात्र तेवढ्याने भागत नाही. तेथे धूर ओढून घेणारी नळी जोडापासून वीतभर अंतरावरच हवी.